इंझोरीत बसून संशोधन करायचंय? खिशातून पैसे काढण्याआधी हे वाचा

इंझोरी. वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातलं गाव. समजा, या गावातली एक मुलगी एम.ए. करतेय आणि तिला लघुप्रबंध लिहायचा आहे. विषय ठरलाय, मानोरा तालुक्यातल्या तांड्यांमधून कामासाठी होणारं हंगामी स्थलांतर. विषय एकदम तिच्या हाताशी असलेला. बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान असलेली पोहरादेवी याच तालुक्यात आहे. तांडे, तिथली माणसं, त्यांचं बाहेरगावी जाणं, हे सगळं तिच्या रोजच्या बघण्यातलं.

ती मोबाईल काढते आणि गूगलवर टाकते, 'मानोरा तांडा स्थलांतर माहिती'. समोर येतं काय? यात्रेच्या बातम्या, नेत्यांचे दौरे आणि यूट्यूबचे व्हिडिओ. लघुप्रबंधात वापरता येईल असं जवळपास काहीच नाही.

इथून दोन वाटा फुटतात. पहिली वाट, 'आपल्या भागावर माहितीच नाही' असं म्हणायचं आणि पैसे देऊन कुणाकडून तरी तयार प्रोजेक्ट करून घ्यायचा. दुसरी वाट, शोधायचं कसं ते शिकायचं. दुसऱ्या वाटेला लागणारी जवळपास सगळी साधनं फुकट आहेत आणि बरीचशी मोबाईलवर चालतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पदवीच्या चौथ्या वर्षालाही संशोधनाचा पर्याय आलाय, त्यामुळे हा प्रश्न आता फक्त पीएच.डी.वाल्यांचा राहिलेला नाही.

माहिती आहे, पण ती दुसऱ्याच नावाखाली आहे

सगळ्यात आधी हे समजून घ्या की वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. त्याआधी हा सगळा भाग अकोला जिल्ह्यात होता. म्हणजे १९९१ च्या जनगणनेत तुम्ही 'वाशीम जिल्हा' शोधत बसलात तर तो सापडणारच नाही. तिथे अकोला शोधावं लागेल.

अजून मागे गेलात तर आणखी एक गंमत. इंग्रजांच्या काळात वाशीम हा एक स्वतंत्र जिल्हा होता आणि इंग्रजीत त्याचं नाव 'बासिम' असं लिहिलं जायचं. १९०५ मध्ये तो मोडला. वाशीम आणि मंगरूळ तालुके अकोल्याला जोडले, पुसद यवतमाळकडे गेला. त्याही आधीच्या कागदांमध्ये वऱ्हाडचं नाव 'बेरार' किंवा 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असं येतं, कारण १८५३ मध्ये निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात दिला होता. म्हणजे एकाच गावाची माहिती काळानुसार वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या खात्यात पडलेली आहे.

गावाच्या नावाचंही तसंच. इंझोरीतला 'झ' इंग्रजीत कुणी एकाच 'झेड'ने लिहितं, कुणी 'जे'ने, तर कुणी 'जे' आणि 'एच' जोडून. तिन्ही प्रकारे शोधून बघा.

आणि विषयाचे शब्द? आपण बंजारा म्हणतो, जुन्या मराठी कागदांत लमाण येतं, कर्नाटकात लंबाणी, तेलंगणात लंबाडा, आणि समाज स्वतःला गोर म्हणतो. 'बंजारा' एवढाच शब्द टाकून थांबलात तर बाकीच्या नावांनी लिहिलेलं सगळं हातातून जातं. म्हणून संशोधन सुरू करताना पहिलं काम एकच. वहीचं एक पान घ्या, त्यावर गावाची, तालुक्याची, जिल्ह्याची आणि विषयाची सगळी नावं लिहून काढा, मराठीत आणि इंग्रजीत. पुढचे सहा महिने हे पान उपयोगी पडतं.

शोधगंगा: दुसऱ्यांच्या पाच-पाच वर्षांची मेहनत, तीही मोफत

आता हे पान घेऊन जायचं कुठे? तर आधी शोधगंगेवर. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेने चालवलेलं हे भारतातल्या पीएच.डी. प्रबंधांचं भांडार आहे. यूजीसीने २००९ मध्ये नियम केला की प्रबंधाची डिजिटल प्रत द्यायची, आणि तेव्हापासून देशभरातल्या विद्यापीठांचे लाखो प्रबंध इथे जमा झाले. वाचायला पैसे लागत नाहीत.

वापरायची एक युक्ती आहे. इथे प्रबंध बहुतेक वेळा प्रकरणवार तुकड्यांमध्ये ठेवलेला असतो. अख्खा प्रबंध उतरवून डेटा संपवायची गरज नाही. आधी संदर्भसूचीची फाइल उघडा. त्या अभ्यासकाने कोणती पुस्तकं, कोणते अहवाल वाचले ते सगळं आयतं मिळतं. मग दुसरं प्रकरण बघा, कारण आधीच्या संशोधनाचा आढावा सहसा तिथे असतो. तुमच्या विषयाजवळचे तीन प्रबंध असे चाळले की कोणती नावं सारखी येतात ते कळतं. तीच तुमची वाचनयादी.

अजून एक. मराठीतल्या प्रबंधाचं नाव कित्येकदा इंग्रजी अक्षरांत नोंदवलेलं असतं. त्यामुळे मराठीत शोधून काही मिळालं नाही तर तोच शब्द इंग्रजी अक्षरांत टाका.

विषय शेतीचा असेल, म्हणजे सोयाबीन, तूर, कपाशी वगैरे, तर शोधगंगेसोबत कृषिकोश बघा. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या या भांडारात कृषी विद्यापीठांचे प्रबंध आणि अहवाल मिळतात.

लेखासमोर कुलूप दिसलं तर?

गूगल स्कॉलरवर शोधलं की चांगले लेख दिसतात, पण उघडायला गेलं की डॉलरमध्ये किंमत समोर येते. इथे बरेच जण नाद सोडतात. थांबा, अजून चार दारं आहेत.

एक, स्कॉलरवर लेखाच्या खाली 'सगळ्या आवृत्त्या' अशा अर्थाची लिंक असते. तोच लेख लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या साइटवर फुकट ठेवलेला असू शकतो. दोन, अनपेवॉल नावाचं मोफत साधन कॉम्प्युटरच्या ब्राउझरला जोडलं की कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते सांगतं. तीन, डोअज म्हणजे मुक्त जर्नलांची यादी. २००३ पासून चालू आहे आणि त्यातली जर्नलं वाचायला फुकट असतात.

चौथं दार सरकारी आहे आणि ते बऱ्याच जणांना माहीतच नाही. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं. ही योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी आहे, त्यामुळे तुमचं कॉलेज त्यात बसतं की नाही हे ग्रंथपालांना विचारावं लागेल. बसत असेल तर लॉगिन मागून घ्या. पैसे सरकारने भरलेत, आपण वापरलं नाही तर नुकसान आपलंच.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर थेट लेखकाला साधा ईमेल करा. आपण कोण, कशावर काम करतोय आणि कोणता लेख हवा, एवढं चार ओळींत लिहायचं. आपला लेख कुणी वाचू इच्छितं याचा अभ्यासकांना आनंदच होतो.

जुनी पुस्तकं आणि कोश

इतिहास लागणार असेल तर गॅझेटिअर बघा. वऱ्हाडचं १८७० चं गॅझेटिअर ए. सी. लायल यांनी तयार केलं. अकोला जिल्ह्याचं १९१० मध्ये आलं. स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र सरकारनेही जिल्हावार गॅझेटिअर काढली. इंटरनेट आर्काइव्हवर अशी जुनी पुस्तकं मोफत मिळतात. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचे १९१६ चे चार खंड प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहेत आणि त्यात बंजारांवर मोठी नोंद आहे.

पण ही पुस्तकं वाचताना एक भान ठेवा. ती सरकारी अधिकाऱ्यांनी, राज्य चालवायच्या नजरेतून लिहिली आहेत. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा ज्या सरकारने केला, त्याच सरकारची ही कागदपत्रं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणवल्या गेल्या. आज महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे तो या इतिहासामुळे. त्यामुळे १९१६ च्या पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं 'सत्य' म्हणून उतरवू नका. 'त्या काळच्या अधिकाऱ्याने असं लिहिलं' असं लिहा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठीही भरपूर आहे. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, म्हणजे इंग्रजी संज्ञेला अधिकृत मराठी शब्द कोणता ते बघता येतं. मोल्सवर्थचा आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर शोधता येतो. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात.

आकडे कुठून आणायचे?

'आमच्या भागात स्थलांतर खूप आहे' हे वाक्य झालं, पुरावा नाही. पुरावा लागला तर जिल्हा जनगणना पुस्तिका उघडा. वाशीम जिल्ह्याची २०११ ची पुस्तिका जनगणना विभागाच्या साइटवर मोफत आहे. त्यात गावनिहाय लोकसंख्या, साक्षरता, शाळा, पाणी, रस्ते आणि कामगारांचे प्रकार मिळतात. वर्षातून सहा महिन्यांपेक्षा कमी काम मिळालेल्यांना 'सीमांतिक कामगार' म्हणतात. हंगामी कामाचा अभ्यास करणाऱ्याला हा रकाना फार महत्त्वाचा.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला, २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे गावपातळीचा आकडा देताना तो २०११ चा आहे हे स्पष्ट लिहायचं. दुसरा खड्डा जास्त खोल आहे. जो तांडा स्वतंत्र महसुली गाव नाही, त्याची माणसं मूळ गावाच्या आकड्यात मोजलेली असतात. म्हणजे सरकारी तक्त्यात तो तांडा दिसतच नाही. बाहेरच्या अभ्यासकाला ही गोष्ट कळायला वेळ लागतो. इंझोरीत राहणाऱ्याला ती आधीच माहीत असते.

लिहायचं कसं? लॅपटॉप नसेल तर?

मराठी टायपिंग येत नाही म्हणून काम अडवू नका. मोबाईलच्या जीबोर्ड कीबोर्डवर माईकचं बटण दाबून मराठीत बोललं की ते टाइप होतं. गूगल डॉक्समध्ये मजकूर आपोआप साठतो, त्यामुळे लाइट गेली किंवा फोन बदलला तरी लिहिलेलं जात नाही. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून गूगल लेन्सने त्यातला मराठी मजकूर उचलता येतो. जोडाक्षरं आणि आकडे मात्र मूळ पानाशी ताडून घ्या, चुका तिथेच होतात.

टायपिंग दुकानातून करून घेणार असाल तर एकच अट घाला, युनिकोडमध्ये करून द्या. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेलं काम कागदावर छान दिसतं, पण दुसऱ्या मशीनवर उघडलं की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. ते गूगललाही वाचता येत नाही, म्हणजे उद्या तुमचं संशोधन कुणी शोधलं तर सापडणार नाही.

संदर्भ ठेवायला झोटेरो वापरा. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात २००६ मध्ये सुरू झालेलं हे मोफत सॉफ्टवेअर आहे. पुस्तक किंवा लेख एकदा साठवला की संदर्भसूची तेच तयार करून देतं. फक्त मोबाईल असेल तर झोटेरोबिब ही साइट ब्राउझरमध्येच चालते, खातंही काढावं लागत नाही. आणि एवढंही नको असेल तर साध्या वहीत लेखक, वर्ष, पुस्तक, प्रकाशक आणि पान क्रमांक लिहा. वाचतानाच लिहा. शेवटच्या आठवड्यात 'हे वाक्य कुठे वाचलं होतं' हे शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं.

एआयला विचारलं तर चालेल का?

चालेल, पण कशासाठी ते ठरवा. अवघड इंग्रजी परिच्छेद सोप्या मराठीत समजून घ्यायला, शोधशब्द सुचवून घ्यायला, आपल्याच लिखाणातल्या त्रुटी विचारायला एआय कामाचं आहे. संदर्भ मागायला मात्र धोक्याचं. ही साधनं कधी कधी नसलेलं पुस्तक, नसलेला लेख, अगदी पान क्रमांकासकट रचून देतात, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने.

२०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले खटल्यांचे दाखले जोडले. ते खटले कधी झालेच नव्हते. ५,००० डॉलर दंड बसला. वकिलांचं असं होतं तर तोंडी परीक्षेत आपलं काय होईल? नियम सोपा ठेवा. जे पान स्वतः उघडून बघितलं नाही ते संदर्भसूचीत जाणार नाही. आणि एआय वापरलं असेल तर कुठे वापरलं ते गाइडला आधीच सांगा.

कॉपी किती चालते?

कॅंटीनमध्ये ऐकू येतं, 'दहा टक्के कॉपी चालते रे.' हे अर्धवट आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द.

नीट संदर्भ देऊन घेतलेलं अवतरण आणि संदर्भसूची या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, नाव देऊन घ्या एवढंच. आणि पैसे देऊन आणलेला तयार प्रोजेक्ट? तो त्याआधी किती जणांना विकलाय हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही. ते सॉफ्टवेअरला कळतं.

'आठवड्यात पेपर छापून देतो'

असा मेसेज संशोधन करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी येतो. शुल्क भरा, प्रमाणपत्र घ्या. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमांमध्ये राहिलेली नाही. विद्यापीठाची वेगळी अट असू शकते, ती लेखी विचारून घ्या. दुसरं, यूजीसीने आपली केअर यादी २०२५ मध्ये बंद केल्याचं जाहीर केलं. म्हणजे 'आमचं जर्नल केअरमध्ये आहे' असं आता कुणी सांगत असेल तर तिथेच सावध व्हा.

पैसे भरण्याआधी बघा. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का? मागच्या अंकातले दोन लेख वाचून काही अर्थ लागतो का? जर्नल डोअजच्या यादीत आहे का? खऱ्या जर्नलमध्ये लेख जाणकारांकडे तपासायला जातो, त्याला महिने लागतात. आठवड्यात होते ती फक्त छपाई.

आणि जे नेटवर नाहीच?

ते इंझोरीत आहे. तांड्यातून किती घरं बाहेर जातात, कोणत्या महिन्यात जातात, मुकादमाकडून उचल किती घेतात, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचं आणि मुलांच्या शाळेचं काय होतं, हे कुठल्याही भांडारात सापडणार नाही. ते विचारूनच लिहावं लागतं. कोबो टूलबॉक्सवर प्रश्नावली तयार केली तर ती नेटवर्क नसतानाही मोबाईलवर भरता येते आणि ठरावीक मर्यादेपर्यंत मोफत आहे. मुलाखत फोनच्या रेकॉर्डरवर घेता येते. आधी परवानगी घ्या, कशासाठी विचारतोय ते सांगा आणि लिहिताना नावं बदला. उचलीचा आकडा कुणाच्या नावासकट छापला तर त्याचा त्रास त्या घराला होतो, आपल्याला नाही.

मोठ्या शहरातल्या विद्यार्थ्याकडे मोठं ग्रंथालय असतं. ते अंतर मोफत साधनांनी बरंचसं कमी केलंय. पण इंझोरीच्या मुलीला ज्या घराच्या ओट्यावर बसून दोन तास बोलता येतं, तिथे त्या शहरातल्या विद्यार्थ्याला पोचायला वर्ष जाईल. आज गूगलवर मानोऱ्याच्या तांड्यांवर काही सापडत नाही, याचं एक कारण ते कुणी नीट लिहून, युनिकोडमध्ये, संदर्भासकट ठेवलेलं नाही हेच आहे. पुढच्या वेळी कुणी शोधेल तेव्हा पहिला निकाल तिच्या लघुप्रबंधाचा येऊ शकतो.

सुरुवात आज रात्रीच करता येईल. नावांचं पान लिहा, शोधगंगेवर जवळचे तीन प्रबंध शोधा, जनगणना पुस्तिका उतरवून ठेवा. खर्च शून्य, डेटा थोडासा.